मुका थर्मामीटर

"आज नात्तो खाल्लंत का तुम्ही?"

तामोत्सु होन्माच्या दुरुस्तीच्या दुकानात नाना तऱ्हेची गिऱ्हाईकं येऊन गेली होती, पण जिना चढून आल्याआल्या न्याहारीची चौकशी करणारं हे पहिलंच. दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. बुटांवरचं बर्फ तिने खालीच झटकलं होतं, हातात रुमालात बांधलेली काहीतरी वस्तू होती, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं तिच्या मनात दिसत नव्हतं.

"खाल्लं," तामोत्सु म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. खाली विजेच्या सामानाचं दुकान चालवणारी थोरली बहीण फुसाए सकाळी जे पुढ्यात ठेवते ते खायचं, एवढंच त्याला एकसष्टाव्या वर्षी ठाऊक होतं, आणि ती रोज न चुकता नात्तो ठेवायची.

"मग मी इथूनच बोलते. राग मानू नका." तिने नाव सांगितलं, चिगुसा माजिमा. वर डोंगरातल्या एका साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यात ती कोजी करायची. म्हणजे वाफवलेल्या तांदळावर बुरशीची पूड भुरभुरायची आणि गरम खोलीत दोन दिवस तो तांदूळ तान्ह्या पोरासारखा सांभाळायचा. नात्तोच्या, त्या आंबवलेल्या सोयाबीनच्या, चिकट दाण्यांवरचे जंतू कपड्यालत्त्यातून त्या खोलीत गेले, तर हंगामभराचं काम नासतं. "ऑक्टोबरपासून आम्ही कुणी त्याला शिवलेलो नाही. शेवटचा घाणा अजून व्हायचाय."

तिने रुमाल सोडला, वस्तू दाराजवळच्या रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. तामोत्सुने ती उचलली. चष्म्याच्या घरापेक्षा थोडा मोठा, करड्या रंगाचा पॉकेट कॉम्प्युटर. बारीक कळा, वर एका ओळीचा पडदा. चाळीस वर्षांपूर्वी जमीन मोजणारे, पूल बांधणारे, तांत्रिक शाळेतली पोरं, सगळे असला एखादा खिशात घालून हिंडत. तामोत्सुने स्वतः तीन वापरले होते आणि तीनेकशे दुरुस्त केले होते. त्यामुळे डाव्या कडेला पाडलेलं गोल भोक त्याच्या डोळ्यांत लगेच खुपलं. या जातीच्या यंत्राला तिथे भोक नसतं.

"हे कुणी पाडलं?"

"वडिलांनीच असेल. त्यांच्या कपाटात सापडला. एप्रिलमध्ये वर्ष होईल त्यांना जाऊन." तिने रिकाम्या रुमालाची घडी घातली. "मला फक्त एवढं कळायला हवं, की ते याचं काय करायचे."

"चालू करायचाय का?"

"चालू झाला नाही तरी चालेल. काय करायचे ते कळलं पाहिजे. आमच्या मालकांना कोजीचं यंत्र घ्यायचंय. तांदूळ ओता, बटण दाबा, घरी जाऊन झोपा. ते म्हणतात, 'चिगुसासान, तुझ्या वडिलांच्या हाताला तोड नव्हती. तुझ्या हाताचं तूच सांग. मार्चअखेर सांग, त्याप्रमाणे मी यंत्र मागवतो, नाहीतर राहू देतो.'"

"मग सांगायचं ना."

"काय सांगू? नऊ हिवाळे वडिलांच्या हाताखाली काढले. रोज दुपारी तांदळाचे गोळे मोडायच्या वेळेला विचारायचे, किती? मी हात घालून सांगायची, चौतीस, साडेपस्तीस. ते 'हं' म्हणायचे आणि शेजारच्या खोलीत निघून जायचे. बरोबर म्हणाले नाहीत, चूक म्हणाले नाहीत. नऊ वर्षं नुसतं हं." तिचा आवाज चढला नाही, पण रुमालाची घडी तिने तिसऱ्यांदा घातली. "थर्मामीटरचं नाव काढलं तरी अंगावर यायचे. तांदळाचा ताप हाताला कळत नसेल तर दुसरा धंदा बघ, म्हणायचे. आणि त्यांच्याच कपाटातून हे निघालं. हे जर तापमान सांगणारं यंत्र असेल, तर माजिमाचा हात माजिमाचा हात म्हणून लोक सांगतात ते सगळं नाटक. मग त्यांनी मला शिकवलं तरी काय?"

हे ती सांगत होती तेवढ्यात तामोत्सुच्या बोटांनी आपलं काम उरकलं होतं. पाठीवरचं झाकण सरकवून त्याने चारही सेल काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि डब्यात टाकले. सेलना पांढरी बुरी फुटली होती. जुनी यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. यंत्र हातात आलं की आधी सेल बाहेर, मग रामराम. झिरपणारा सेल आतलं तांबं खातो, त्याला एक दिवसही देऊ नये, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

"दोन आठवड्यांनी येते," चिगुसा म्हणाली, आणि जिन्यात वर येणाऱ्या फुसाएला भिंतीशी चिकटून वाट देत खाली गेली. फुसाएच्या हातात जेवणाचं ताट होतं.

"माझ्यापासून लांब सरकली ती पोरगी," फुसाए म्हणाली. "मला काय खरूज झालीय?"

"नात्तो, ताई."

"अस्सं. म्हणजे साकेवाली." तिचं समाधान झालं. "मग बरोबर आहे. तुझ्यापासून तर कोसभर लांब राहायला हवं, तुझ्या बाहीलाच लागलंय."

*

जेवण झाल्यावर तामोत्सुने सहा स्क्रू काढले आणि यंत्र उघडलं.

उघडलं की तो लगेच कामाला लागत नसे. आधी नुसता बघत बसे. या त्याच्या सवयीवर फुसाएने आयुष्यभर तोंडसुख घेतलं होतं. लोक दुरुस्त करायला देतात आणि हा देवदर्शन करत बसतो, असं ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. ते काही अगदी खोटं नव्हतं. बाहेर छपरावरचं बर्फ मऊ होऊन घसरायचं, खोलीत पिवळा उजेड पडायचा, आणि उघड्या यंत्राकडे बघता बघता आपण कुणाच्या तरी घरी, घरधनी बाहेर गेलेला असताना, हलक्या पावलांनी शिरलो आहोत असं त्याला वाटायचं.

इथला घरधनी नीटनेटका होता. सेलच्या खणाशेजारी त्याने टपाल तिकिटाएवढी पट्टी बसवली होती. तिच्यावर आठ पायांची एक काळी चिप, दोनचार भाग, आणि तीन वायरी. लाल, पांढरी, हिरवी. एक कडेच्या भोकाकडे गेलेली, बाकीच्या यंत्राच्या पोटात. सोल्डरचे डाग असे बारीक आणि झळझळीत होते, की हा माणूस साके करण्याआधी किंवा करताकरता कुठेतरी कारखान्यात बाकावर बसलेला असणार, याबद्दल तामोत्सुला शंका उरली नाही. बरोबरच होतं. साकेवाले हिवाळ्याचे कारागीर, उन्हाळ्यात पोटापाण्याला मिळेल ते करतात.

मग त्याच्या लक्षात आलं.

भोकातून आत येणारी वायर शेवटी जिथे जात होती ती जागा त्याच्या ओळखीची होती. बाहेरची खबर तिथून आत यायची आणि यंत्राला ती मोजता यायची. म्हणजे आत कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम असणार. साठवलेले आकडेही असणार. आणि या यंत्राची स्मृती सेलवर जगते. पडदा विझला, कळा मेल्या, तरी मरणाच्या दारातला सेलसुद्धा ती महिनोन्महिने तगवून धरतो. ते सेल त्याने स्वतःच्या हाताने, बाईचं बोलणं ऐकता ऐकता, काढून डब्यात टाकले होते.

त्याने धावत जाऊन डबा उघडला, जणू परत घातले की सगळं परत येणार होतं. मग तो जमिनीवरच बसला.

"काय झालं?" फुसाएने जिन्याखालून विचारलं. तिला त्याच्या गप्प बसण्यातला फरक कळायचा.

"काही नाही."

"काही नाही म्हणतोस तेव्हा काहीतरी मोठं असतं."

"मेलेल्या माणसाचं लिहिलेलं पुसलं बहुतेक मी, ताई."

फुसाए वर आली नाही. थोड्या वेळाने तिने खालून म्हटलं, "बहुतेक म्हणतोयस ना? मग आधी नीट बघ."

*

पुढचे दहा दिवस तामोत्सुने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. आपल्या चुकीपासून पळण्याचा तो एक मार्ग होता, हे त्यालाही कळत होतं. लिहिलेलं गेलं असेल तर निदान वायरींवरून तरी बाईला उत्तर द्यावं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

वीज बाहेरून, त्या छोट्या पट्टीपुरतीच देऊन त्याने चिपच्या पायाला तपासणीचं टोक लावलं. काहीच नाही. मुकी. भोकात इअरफोनची पिन घालून बघितली, टेपरेकॉर्डर जोडून बघितला. जुन्या काळी या यंत्रांत प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचे, म्हणून वाटलं की हे तसलंच काही असेल. नाही. मग भोकात एक पिन खोचून तिच्या दोन टोकांत फिरवायचं बटण जोडलं, रेडिओचा आवाज कमीजास्त करतात तसलं. चिप टकटक करायला लागली. बटण एकीकडे फिरवलं की भराभर, दुसरीकडे की सावकाश.

म्हणजे भोकाच्या पलीकडे काहीतरी होतं. कशाने तरी बदलणारं. उजेड असेल, ओल असेल, ऊब असेल. ते जसं बदलेल तशी ही टकटक बदलणार, आणि यंत्र ती मोजणार.

तो ती टकटक ऐकत बसला. दुपार उतरत होती, कोतात्सुच्या, त्या शेगडीवाल्या ठेंगण्या टेबलाच्या, रजईखाली पाय गरम होते, आणि ऐकता ऐकता त्याचा डोळा लागला. स्वप्नात तो एका लाकडी खोलीत होता. भिंती घामेजलेल्या, भाजलेल्या चेस्टनटसारखा गोडसर वास, आणि समोर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी झोपलेलं, श्वास घेणारं. एक म्हातारा पाठमोरा उभा होता. त्याने न वळता विचारलं, किती? तामोत्सुला उत्तर ठाऊक होतं, पण तोंड उघडेना. जाग आली तेव्हा चिप टकटकतच होती.

अकराव्या दिवशी त्याने पट्टीच्या खालची काळी चिकटपट्टी सोलायला घेतली. इतके दिवस ती नुसती वायर बांधायला लावलेली असावी असं त्याने धरलं होतं. खाली नाण्याएवढा एक सेल निघाला. याचे डाग मात्र निराळे होते. फुगीर, ओबडधोबड, एक तर सांडून शेजारच्या रेघेपर्यंत गेलेला. यंत्राच्या प्लॅस्टिकच्या कडेला सोल्डरच्या तापलेल्या इस्त्रीचा काळा चट्टा होता. वायरीचा रंग तोच, पिळायची पद्धत तीच. माणूस तोच आणि हात मात्र दुसराच. हे त्याला समजेना.

नव्याने घुसडलेला सेल, तोही जुना, झिरपू शकणारा. सवयीने त्याने सोल्डरची इस्त्री तापत ठेवली. काढून टाकायचा, कडा साफ करायच्या, यंत्र मूळ रूपावर आणायचं. या धंद्यातला पुण्याचा मार्ग तोच समजतात. पण सेल नुसता चिकटवलेला नव्हता, तर जाड सुती दोऱ्याने बांधलेला होता आणि गाठ अशी काही सुरेख होती, की ती कशी मारली असेल याचा विचार करत तो बसला. एक फेर, उलटा फेर, मग टोक आत. दोन वेळा पेन्सिलीला दोरा बांधून बघितलं, जमलं नाही. इस्त्री तापून तापून निवली. उद्या बघू, म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या स्वच्छ उजेडात त्याला सेलवर पेनाने लिहिलेलं दिसलं. बारीक, थरथरीत अक्षर. ऑक्टोबर, आणि गेल्या हंगामाचं साल. चिगुसाचे वडील गेले त्याच्या आधीचा ऑक्टोबर. त्याखाली खोडलेले, आणखी जुने ऑक्टोबर, कडेच्या कागदी पट्टीवर एकाखाली एक. दर हंगामाआधी नवा सेल.

त्याने मीटर लावला. सेल जिवंत होता. वायर कुठे जाते ते बघितलं. ती थेट स्मृतीच्या चिपकडे जात होती, मोठे सेल मेले किंवा कुणी काढले तरी तिला उपाशी राहू न देणारी. कुणीतरी कधीतरी आपल्यासारखा गाढव भेटेल, हे म्हाताऱ्याने आधीच धरलं होतं.

तामोत्सुने इस्त्रीची पिन सॉकेटातून काढली आणि ती इस्त्री खाली ताईकडे नेऊन दिली. "माझ्या हाताला लागू नये अशी ठेव."

"आजच? वीस वर्षांपूर्वीच ठेवायला हवी होती," फुसाए म्हणाली, पण त्याचा चेहरा बघून तिने ती कपाटात ठेवली.

*

यंत्र चालू करायला आता फक्त चार नवे सेल हवे होते. ते त्याने घातले नाहीत. दुसऱ्याच्या वडिलांचं पत्र आपण आधी फोडायचं नसतं. त्याने कारखान्यात फोन लावला.

"वडिलांच्या सामानात बारीक पिन असलेली एखादी वायर होती का?" त्याने विचारलं.

पलीकडे कुणीतरी पिंप घासत होतं.

"एक मुका थर्मामीटर आहे," चिगुसा म्हणाली. "कोजीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा. काचेच्या नळीत काही नाही, रिकामी. मी एकदा म्हटलं, टाकून देऊ का? तर म्हणाले, या घरात तोंड बंद ठेवणारा तो एकटाच आहे, राहू दे. मागून एक दोरी भिंतीत गेलेली होती. टांगायची असेल म्हणून मी कधी बघितलंच नाही."

"पलीकडे कुठली खोली?"

"तीच. हं म्हणून जायचे ती. आता माझ्याच खणात आहे तो. परवा शेवटचा तांदूळ वाफवून होईल. मग येते."

ती आली तेव्हा बर्फ रस्त्याच्या दोन्ही कडांना काळं पडून बसलं होतं. या वेळी ती विनाप्रश्न आत आली, कोतात्सुशी बसली, आणि फुसाएने चहाबरोबर मुद्दाम नात्तोची वाटी आणून आपटली तेव्हा म्हणाली, "आज चालेल."

"चव आठवतेय ना अजून?" फुसाएने विचारलं आणि तीही तिथेच बसून राहिली. तिला हलायला सांगायची हिंमत कुणाला नव्हती.

तामोत्सुने आधी आपली चूक सांगितली. कसे सेल काढले, कसं वाटलं की सगळं गेलं, आणि नंतर दुसरा सेलही उडवायला कसा निघाला होता. मान खाली घालून, काही न वगळता सांगितलं. चिगुसाने ऐकून घेतलं. गाठीचा फोटो त्याने काढून ठेवला होता, तो तिने हातात घेतला. "गाळायच्या पिशवीची गाठ आहे ही. थंडीने बोटं बधिर झाली तरी डोळ्यांनी बघून मारता येते."

"बोटं बधिर?"

त्याने तिला तो फुगीर डाग आणि काळा चट्टा दाखवला. ती बराच वेळ वाकून बघत होती.

"एका वर्षी त्यांच्या बोटांना फोड आले होते," ती हळूहळू म्हणाली. "तीन बोटांना. मी विचारलं तर म्हणाले, गरम रताळं धरलं. मी हसले. इतका वेळ कोण धरून ठेवतो गरम रताळं."

तामोत्सुने चार सेल घातले आणि यंत्र तिच्यापुढे ठेवलं. "तुम्ही लावा."

तिने कळ दाबली. करड्या पडद्यावर एक ओळ उगवली, फिकट, पण शाबूत. एकच ओळ मावायची त्यावर. पुढची बघायची तर कळ दाबायची. आधी तारीख, मग एक अक्षर, मग दोन आकडे.

"से," तिने वाचलं. "से म्हणजे सेइजी. वडील." पहिला आकडा ३४.५. दुसरा ३४.४.

ती कळ दाबत गेली. से, से, से. तारखा जुन्या होत्या, ती कारखान्यात यायच्या कितीतरी आधीच्या. पहिला आकडा म्हाताऱ्याच्या हाताचा, दुसरा भिंतीपलीकडून आलेला, मुक्या थर्मामीटरचा. दोन्हींत फरक केसाएवढा. ३६ आणि ३६. ३५.५ आणि ३५.६. हिवाळ्यामागून हिवाळे त्या एवढ्याशा फटीतून सरकत गेले, आणि खोलीत कळेच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. तामोत्सुला वाटलं, आपण पुन्हा त्या स्वप्नातल्या खोलीत आहोत आणि म्हातारा अजून पाठमोराच आहे.

"नाटक नव्हतं," फुसाए म्हणाली. "तुझा बाप स्वतःचीच परीक्षा घेत होता गं."

चिगुसाने मान हलवली आणि दाबत राहिली. मग एका हिवाळ्यात फरक वाढला. अर्धा. एक. पुढच्या हिवाळ्यात दोन, अडीच. ३३ आणि ३६.२. तिचं बोट सावकाश झालं. एक ओळ अशी आली, की ती तिघांनीही पुन्हापुन्हा वाचली. से, २९. थर्मामीटर, ३६.१.

"सात अंश," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना काहीच लागत नव्हतं तेव्हा. तांदूळ आहे की बर्फ आहे, तेसुद्धा नाही. आणि कुणाला बोलले नाहीत."

पुढची ओळ आली. तारीख त्यानंतर आठ महिन्यांनी. अक्षर बदललं होतं. चि.

"हा माझा पहिला हंगाम," चिगुसा म्हणाली. "शहरातल्या नोकरीत होते मी. फोन आला, या हिवाळ्याला ये. का, ते सांगितलं नाही." ३१ आणि ३४.८. "पहिल्या दिवशी मी एकतीस सांगितलं होतं, आठवतंय मला. ते हं म्हणाले."

तिचा हंगाम तिच्यापुढून गेला. चुकलेले आकडे, मोठमोठे फरक, तीन, चार, अडीच. ते वाचून तिच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. दुसरा हंगाम, तिसरा. फरक कमी होत चालले. सहाव्यात एखादाच चुकार आकडा, आठव्यात बहुतेक पाव अंशाच्या आत. म्हातारा भिंतीपलीकडे उभा राहून हे आकडे बघत असेल, रोज, आणि बाहेर येऊन पुढचं काम सांगत असेल, चेहऱ्यावर काही न दाखवता. तामोत्सुला त्याचा राग आला. एवढं बघायचं आणि पोरीला एक शब्द सांगायचा नाही, ही कुठली रीत.

मग नववा हंगाम आला आणि दुसऱ्या आकड्याच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा.

चि, ३५. रेघा. चि, ३५.५. रेघा. चि, ३६. रेघा. हंगामभर तेच.

"बिघडला असणार," तामोत्सु म्हणाला. कारागीर आधी तुटक्या वायरीकडेच बघतो. "थर्मामीटर आणलात ना? द्या इकडे."

तिने पिशवीतून तो काढला. लाकडी पट्टीवरची रिकामी नळी, आणि मागे वेटोळं करून, त्याच सुती दोऱ्याने बांधलेली काळी वायर. टोकाला चकचकीत पिन. त्याने वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. कुठे तुटलेली नव्हती. पिन घासून बघितली, स्वच्छ होती. मग ती भोकात घातली आणि नळीचा खालचा गोळा मुठीत धरला. यंत्राने आधी हाताचा आकडा विचारला, त्याने पस्तीस टाकले. पडद्यावर शेजारी ३३.९ उमटलं. खणखणीत.

"सगळं ठीक आहे," तो गोंधळून म्हणाला. "वायर चांगली, यंत्र चांगलं. रेघा येतील त्या फक्त..." आणि त्याने पिन उपसून दाखवली. "भोकात काही नसेल तरच."

चिगुसा त्या पिनेकडे बघत होती.

"शेवटच्या ऑक्टोबरात त्यांनी तो भिंतीवरून उतरवला," ती म्हणाली. "हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. दोरी गुंडाळली, बांधली, आणि माझ्या खणात ठेवली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, आता याची गरज नाही. मला वाटलं, म्हातारपणाची आवराआवर चाललीय."

"म्हणजे तो सबंध हिवाळा," फुसाए म्हणाली, "तुझ्या बापाला हातानेही कळत नव्हतं आणि यंत्रानेही नाही."

"हो."

"मग साके कशावर झाली?"

चिगुसाने आपला उजवा हात रजईखालून काढून टेबलावर ठेवला, तळवा वर करून, आणि तो हात आपला नसून कुणीतरी सांभाळायला दिलेला असावा तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ती रडली. फुसाएने चहा ओतला आणि काही बोलली नाही, ही तिच्या आयुष्यातली दुर्मीळ गोष्ट.

बऱ्याच वेळाने चिगुसाने नाक पुसलं, फुसाएकडे खालचा फोन मागितला, आणि जिन्यातूनच मालकांना सांगताना तिचा आवाज वरपर्यंत ऐकू आला. यंत्र मागवू नका. नाही, विचार करून सांगतेय. हो, हातानेच.

ती परत आली तेव्हा तामोत्सु यंत्राचे सहा स्क्रू बसवत होता. मूळ रूपावर आणायचा विषय त्याने काढला नाही, पट्टी, वायरी, गाठ, ओबडधोबड डाग, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. फक्त दोऱ्याच्या फेराखालून नाण्याएवढा जुना सेल सरकवून नवा घातला होता आणि त्यावर बारीक अक्षरात मार्च लिहिलं होतं. आवराआवर म्हणून त्याने थर्मामीटरची पिन उचलली आणि कडेच्या भोकाशी नेली.

"राहू द्या," चिगुसा म्हणाली. "त्यांनी काढलीय ती."